एका धंद्याची एकच खुर्ची

लिफ्ट लहान होती, आणि तिच्यात तिने आधीच एक फिरती खुर्ची घातली होती. खुर्चीचं तोंड आरशाकडे, चाकं कोपऱ्यात, आणि तिच्या पाठीमागे उरलेल्या जागेत ती स्वतः, अंग चोरून उभी. दार लागणार तेवढ्यात बाहेरून एक हात आत आला. हातामागून इस्त्रीचा पांढरा शर्ट आला, आणि शर्टामागून कॅटलॉगांनी फुगलेली एक बॅग.

"तिसरा मजला?" त्याने विचारलं.

"हो. पण जागा नाही."

त्याने लिफ्टभर नजर फिरवली. "आहे की," तो म्हणाला. "तुमची हरकत नसेल तर..."

आणि तो खुर्चीत बसला.

तिने हरकत घेतली नाही, कारण तोवर दार लागलं होतं. लिफ्ट कुरकुरत निघाली. तो बॅग मांडीवर घेऊन बसलेला, ती त्याच्या डोक्यावरचा भोवरा बघत उभी. गप्प बसणं बहुधा त्याच्या स्वभावात नव्हतं. त्याने पाठ मागे रेलून पाहिली, खुर्चीच्या हातावर कोपर दाबून पाहिलं.

"चांगली आहे. नवी घेतलीत?"

"माझ्या वयाची आहे."

"हो? मग दोघींचंही वय दिसत नाही."

हे वाक्य याआधी किती जणींना ऐकवून झालं असेल, असा विचार तिच्या मनात आला. तिच्या ओठांच्या कडा जरा हलल्या, पण त्याच्या डोक्यामागे उभी असल्यामुळे ते त्याला दिसलं नाही. निदान तिला तसं वाटलं. समोर आरसा होता, हे तिच्या उशिरा लक्षात आलं.

तिसऱ्या मजल्यावर दोघं उतरले आणि दोघं एकाच दाराकडे वळले.

त्या दाराआड दर मंगळवारी सकाळी गावातले लहान धंदेवाले जमत. एका शिकवणी वर्गाची खोली होती, वर्ग भरायच्या आत ती रिकामी करून द्यावी लागे. प्रत्येकाने उभं राहून एक मिनिट आपल्या धंद्याबद्दल बोलायचं, मग कॉफी प्यायची, आणि एकमेकांना गिऱ्हाईक सुचवायचं, असा तो सगळा मामला. कारभार एका विमा एजंट बाईंच्या हातात होता. त्यांना सगळे काकू म्हणत. काकूंचा आवाज मऊ होता आणि नियम कडक.

दाराशी काकूंनी दोघांना धंदा विचारला. दोघं एकदमच म्हणाले, ऑफिसच्या खुर्च्या. काकूंनी चष्म्यावरून आधी त्याच्याकडे बघितलं, मग तिच्याकडे, मग खुर्चीकडे.

पंचाईत अशी होती की एका धंद्याचा एकच सभासद घ्यायचा, हा तिथला पहिला नियम. तिने सांगून पाहिलं की तो नव्या विकतो, आपण जुन्या दुरुस्त करतो, म्हणजे धंदे दोन झाले. काकूंनी मान हलवली. नवी घेणारा जुनी दुरुस्त करत नाही आणि दुरुस्त करणारा नवी घेत नाही, त्या म्हणाल्या, तेव्हा गिऱ्हाईक एकच आणि भांडणही एकच. मात्र दोघांनी महिना-दीड महिना पाहुणे म्हणून यावं. मग सभासद हात वर करून काय ते ठरवतील.

तिचं पहिलं मिनिट वाया गेलं. बरोबर आणलेली खुर्ची तिने पुढे ओढली आणि गादीतला फोम, खालची स्प्रिंग, पंप, चाकांची कडी असं एकेक सांगत सुटली. काकूंनी घंटी वाजवली तेव्हा ती अजून चाकांवरच होती. स्वतःच्या दुकानाचं नाव सांगायचं राहिलंच. खाली बसताना कानाच्या पाळ्यांपर्यंत गरम झाल्याचं तिला जाणवलं.

त्याने मात्र कॅटलॉग उघडलासुद्धा नाही. तो म्हणाला, "तुमचा सगळ्यात चांगला नोकर दुपारनंतर सारखा उठून फिरायला लागतो, तेव्हा त्याला काम नको असतं असं नाही. त्याला खुर्ची नको असते." लोक हसले. छापखानेवाल्याने टाळी दिली. दातांच्या डॉक्टरीणबाईंनी लगेच त्याचं कार्ड मागून घेतलं.

प्रेमाबिमाचं तिला त्या सकाळी काही वाटलं नाही. राग आला, आणि भूक लागली होती.

तिला ती जागा हवी होती, त्याला कारण होतं. खुर्च्यांचं वर्कशॉप तिच्या बाबांचं. गावातल्या एका मोठ्या कार्यालयाच्या खुर्च्या वर्षानुवर्षं त्यांच्याकडे येत, आणि त्या एका गिऱ्हाइकाच्या भरवशावर त्यांनी कधी दारावर धड पाटीसुद्धा लावली नव्हती. मग त्या कार्यालयाने जागा बदलली, सामान सगळं नवं घेतलं, आणि वर्कशॉपमध्ये शांतता पसरली. बाबांचे हात आताशा थरथरत. मावशी अजून रोज सकाळी शिलाई मशीनपुढे येऊन बसे. तिचं सगळं आयुष्य खुर्च्यांची कव्हरं शिवण्यात गेलं होतं आणि दुसरीकडे जाऊन बसण्याची तिला सवय नव्हती. शेवटी बाबांनी सांगून टाकलं होतं, पावसाळा संपेपर्यंत बघू, नाहीतर शेड गोदामाला भाड्याने देऊन टाकू. ते हे ज्या सहजपणे म्हणाले, त्यावरून त्यांना ते किती जड गेलं असेल हे तिला कळलं होतं.

मीटिंग संपवून ती खुर्ची ढकलत फुटपाथवर आली, तर तो कोपऱ्यावरच्या कॉफीच्या टपरीपाशी उभा.

"तुमचं फार वाईट झालं," तो म्हणाला.

"माहीत आहे मला."

"तुम्ही खुर्चीबद्दल बोललात. खुर्चीत कोणाला रस असतो? बसणाऱ्याबद्दल बोला."

तिने खुर्ची थांबवली. "हे मला का सांगताय? तुमचंच नुकसान आहे त्यात."

त्याने जरा विचार केला. "तुम्ही इतकं वाईट बोललात," तो म्हणाला, "की माझं चांगलं बोलणं फुकट गेलं. कोणी तुलनाच केली नाही..."

या वेळी ती हसली, आणि या वेळी समोरासमोर.

पुढच्या मंगळवारी तिने डॉक्टरीणबाईंकडे बघत आपलं मिनिट सुरू केलं. दात दाखवायला आलेला माणूस आधीच घाबरलेला असतो, ती म्हणाली, त्यात त्याच्याखालची खुर्ची डुगडुगली तर तो उठून घरी जातो. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, अगदी खरं आहे, परवाच एक जण गेला. आठवड्याच्या आत त्यांच्या बाहेरच्या खोलीतल्या सगळ्या खुर्च्या वर्कशॉपमध्ये आल्या. मशीनचा आवाज सुरू झाला तेव्हा बाबा उगाचच दारापर्यंत जाऊन परत आले.

मीटिंगनंतरची कॉफी हा मग रिवाजच होऊन बसला. दोघं टपरीच्या फळीला टेकून उभे राहत आणि एकमेकांच्या धंद्यातल्या चुका काढत. त्याने तिला बरंच सांगितलं. दुरुस्तीच्या आधीचा आणि नंतरचा फोटो काढून ठेव—म्हणजे ठेवा. गादीच्या खाली आपल्या नावाची आणि फोनची चिठ्ठी चिकटवा, खुर्ची मोडेल तेव्हा माणूस ती उलटी करतोच. जुन्या गिऱ्हाइकांना नुसतं कसं चाललंय एवढंच विचारायला फोन करा, काम मागू नका. ती सगळं ऐकून घेई, आणि पटलं नसेल तर तसं सांगे. चिठ्ठीचं तिला पटलं. दुकानाला इंग्रजी नाव द्या म्हणाला, ते तिने उडवून लावलं.

त्याचीही एक गोष्ट तिला दिसत होती, पण ती सांगावी की नाही हे तिचं ठरत नव्हतं. शेवटी एकदा सांगून टाकली.

"तुम्ही कार्ड देता ना, तेव्हा समोरच्या माणसाकडे बघत नाही. त्याच्या मागे जो उभा असतो त्याच्याकडे बघता."

कपातली कॉफी त्याने नुसती हलवली. आपण जास्त बोललो, असं तिला वाटलं, आणि घरी जाईपर्यंत वाटत राहिलं. पण पुढच्या वेळी तो खिशात एकही कार्ड न घेता आला. छापखानेवाल्याला त्याने एकच प्रश्न विचारला, धंदा कसा सुरू केलात, आणि छापखानेवाला जो सुटला तो काकूंनी घंटी वाजवली तरी थांबेना. तो ऐकत राहिला. खरंच ऐकत होता, हे तिला लांबूनही कळत होतं. मध्येच त्याने मान वळवून तिच्याकडे पाहिलं... तिने घाईघाईने साखर ढवळायला घेतली. ती कॉफीत साखर घेत नसे.

घरी मावशीच्या नजरेतून काही सुटत नसे. एका मंगळवारी ती निघाली तेव्हा मावशीने पाय मशीनवरून काढला.

"ठमे, मीटिंग खुर्च्यांची आहे ना?"

"हो."

"मग कानात डूल कशाला?"

"लोकांवर छाप पडते, मावशी. धंद्यासाठी लागतं."

"असेल," मावशी म्हणाली आणि पुन्हा शिवायला लागली. "आमच्या वेळी धंदा साधा होता."

पावसाळा उतरणीला लागला होता, तरी मधूनच एखादी सर येई. अशाच एका मंगळवारी दोघं टपरीपाशी अडकले. टपरीच्या पत्र्याखाली जेमतेम एका माणसाची जागा होती आणि ती टपरीवाल्याची होती. त्याने बॅगेतून कॅटलॉग काढला, उघडला आणि तिच्या डोक्यावर धरला. गुळगुळीत पानांवर थेंब तडतडत होते. त्याचा स्वतःचा खांदा बाहेर भिजत होता, आणि तो तसाच ठेवून तो अगदी व्यापारी आवाजात म्हणाला, "पाहिलंत? नव्या खुर्च्यांचा असाही उपयोग असतो."

"रंग जातोय त्यांचा," ती म्हणाली. खरंच एक निळा ओघळ त्याच्या मनगटावर उतरला होता. तिने तो आपल्या रुमालाने टिपला. एवढंच. पण टिपून झाल्यावर रुमाल बाजूला करायला तिला जरा वेळ लागला, आणि त्यानेही हात मागे घेतला नाही.

"जागा तुम्हाला मिळाली तर मी काय करू?" थोड्या वेळाने त्याने विचारलं.

"आणि तुम्हाला मिळाली तर मी?"

त्या दिवसापर्यंत हा प्रश्न गमतीचा होता, त्यानंतर राहिला नाही. कोणी एक आत राहणार होता आणि दुसऱ्याला मंगळवारी सकाळी त्या गल्लीत यायला काही कारण उरणार नव्हतं. पाऊस थांबला, तसा तो भिजलेला कॅटलॉग झटकत गेला. ती उलट्या दिशेने गेली. बस चुकली तरी तिला फारसं काही वाटलं नाही.

निवडीच्या सकाळी तो आला नाही.

मीटिंग सुरू झाली, कॉफीचे कप मांडले गेले, काकूंनी घंटी टेबलावर ठेवली, तरी नाही. मग काकूंनी सांगितलं की त्याचा सकाळीच फोन आला होता, त्याने नाव मागे घेतलंय. हात वर करायची वेळच आली नाही. काकूंनी तिचं अभिनंदन केलं, लोकांनी टाळ्या वाजवल्या, आणि तिला सभासद म्हणून पहिलं मिनिट बोलायला सांगितलं. ती बोलली. काय बोलली ते तिला नंतर आठवेना. सगळा वेळ तिची नजर दारावर होती.

निघताना डॉक्टरीणबाईंनी तिच्या खांद्यावर हात ठेवला. मोठ्या मनाचा मुलगा हो, त्या म्हणाल्या, तुमच्यासाठी जागा सोडली त्याने.

त्या हे चांगल्या मनाने म्हणाल्या होत्या, पण तिला ते तोंडात मारल्यासारखं झालं. आठवडेच्या आठवडे ती शिकली, घरी मावशीला समोर बसवून तिने मिनिटं घोकली, अनोळखी माणसांना फोन केले. आणि शेवटी काय, तर कोणीतरी दया म्हणून बाजूला झालं. तिने ठरवलं की आता सरळ घरी जायचं. बसमध्ये बसल्यावर तिच्या लक्षात आलं की आपण त्याच्या शोरूमकडे जाणाऱ्या बसमध्ये बसलोय.

शोरूम त्याच्या मोठ्या भावाची होती. तो तिथे विक्री बघे. काचेच्या आत खुर्च्यांच्या रांगा होत्या, प्रत्येक खुर्चीच्या हातांवर कारखान्यातून आलेलं प्लास्टिक तसंच होतं. भाऊ गल्ल्यावर बसला होता. त्याने उठून, काय दाखवू, म्हणून विचारलं. तेवढ्यात धाकटा मागच्या खोलीतून आला आणि जागच्या जागी थांबला.

"दादा, त्यांना खुर्ची नकोय," तो म्हणाला. "त्या माझ्याकडे आल्यात."

दादाने दोघांकडे पाहिलं. मग चप्पल पायात सरकवली, जेवून येतो म्हणाला, आणि निघून गेला. जेवणाला अजून बराच अवकाश होता.

रस्त्याने तिने बरीच वाक्यं जुळवली होती. त्यातलं एकही तोंडून आलं नाही.

"का आला नाहीस?"

तो एकेरी सूर तिच्याही लक्षात आला आणि त्याच्याही. दोघांनी तो तसाच राहू दिला.

"बस आधी," तो म्हणाला.

ती बसली. हातांवरचं प्लास्टिक कुरकुरलं. तो शेजारच्या खुर्चीत बसला, तेही कुरकुरलं. इतक्या गंभीर प्रसंगी हा आवाज बरा नव्हे, पण इलाज नव्हता.

"मला दया नको होती," ती म्हणाली. "मला तुझ्यासमोर जिंकायचं होतं. हरलेही असते, चाललं असतं. पण तू समोर हवा होतास."

"दया?" तो हसला, पण ते हसणं नेहमीचं, गिऱ्हाइकांसाठीचं नव्हतं. "अगं, मी सगळ्यांना चाचपून पाहिलं होतं. छापखानेवाला तुझा. डॉक्टरीणबाई तुझ्या. काकू काही बोलल्या नाहीत, पण त्यांनी घरातली खुर्ची तुझ्याकडे दिलीय, मला कळलं. माझ्या बाजूने कोणी नव्हतं... मी हरणार होतो."

"मग?"

"मग काय. हरताना तू मला बघावंस, हे मला नको होतं." तो खाली बघत म्हणाला. "बाकी कोणीही बघितलं असतं तरी चाललं असतं. तू नको. डॉक्टरीणबाईंना मी मोठ्या मनाचा वाटलो असेन, पण मी पळालोय."

येताना जो राग आणला होता तो कुठे ठेवावा हे तिला कळेना. इतका वेळ ज्याला ती फार हुशार समजत होती तो आता शर्टाच्या बटणाशी चाळा करत बसला होता, आणि तिला तो लिफ्टमधल्यापेक्षा कितीतरी जास्त आवडला. हे तिने स्वतःशी कबूल केलं, शांतपणे, हिशोबाची बेरीज पुन्हा तपासून बरोबर आली म्हणावं तसं.

"माझं मिनिट आज पहिल्या दिवसापेक्षा वाईट झालं," ती म्हणाली.

"का?"

"दाराकडे बघत बोलले सगळं. तू येशील म्हणून."

रस्त्यावरून एक ट्रक गेला, काच थरथरली. बोलण्यात ज्याचा हात कोणी धरला नसता, त्याला आता शब्द सापडत नव्हता. त्याने नुसता हात पुढे केला आणि तिच्या खुर्चीच्या हातावर, तिच्या बोटांशेजारी ठेवला. मधे अंतर ठेवून.

तिने त्या प्लास्टिकचं एक टोक नखाने उचललं. सवयीने असेल. मग ते हळूहळू सोलत गेली, पातळ, लांब, न तुटता... खाली नवीन काळा हात निघाला.

"हे काढलं की ही नवी म्हणून विकता येत नाही," तो म्हणाला. "दादा ओरडेल."

"अर्धंच काढलंय."

त्याने वाकून दुसऱ्या हातावरचंही प्लास्टिक सोललं आणि गोळा करून खिशात घातलं.

"आता कोणीच घेणार नाही ही," तो म्हणाला. "हिचं करू काय मी?"

"राहू दे इथेच," ती म्हणाली, आणि खुर्चीत पाठ टेकून नीट बसली. "मी येत जाईन."